तोंडाने घेतलेला श्वास

शिमोन कंपाउंडरांना दमा होता, हे आधीच सांगून टाकतो. ते स्वतः ही गोष्ट सगळ्यात शेवटी सांगत, आणि तीही कोणी खोदून विचारलं तर. आमच्या वस्तीतल्या निम्म्या माणसांना श्वास कसा घ्यावा हे ज्यांनी शिकवलं, त्यांना स्वतःला बाजारातून दवाखान्यापर्यंतची चढण एका दमात कधी चढता आली नाही. चढणीच्या मध्यावर जांभ्या दगडांचा रचलेला एक गडगा, म्हणजे बुटकी भिंत, आहे. त्याला एका हाताने धरून ते उभे राहत, छत्री काखेत, टोपी मागे सरकलेली. कोणी ओळखीचं थांबलं की म्हणत, "चला तुम्ही पुढे. मी जरा प्रार्थना करतोय."

ती धाप होती की प्रार्थना, हे मला पुष्कळ वर्षं कळलं नाही. त्यांना तरी नक्की कळत होतं की नाही, याची मला शंका आहे. एकदा मी धीर करून विचारलं, तेव्हा म्हणाले, "मास्तर, दोन्ही एकाच वाटेने येतात-जातात. कोण कुठलं, ते मी कशाला विचारत बसू?"

मी मिशनच्या शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत असे. शाळा, प्रार्थनामंदिर, दवाखाना आणि आमच्या कौलारू घरांच्या दोन ओळी, एवढी ती वस्ती. तिच्यापलीकडे कातळ आणि कातळाच्या कडेला उभं राहिलं की खाली समुद्र. डॉक्टरीणबाई बहुतेक दिवस खेड्यांतून फिरतीवर असत. त्या नसल्या की दवाखाना म्हणजे शिमोन कंपाउंडर. उंच, किंचित वाकलेले, आणि जुन्या दमेकऱ्यांची असते तशी छाती पिंपासारखी पुढे आलेली. अनोळखी माणसाला वाटे, हा एके काळचा पैलवान असावा. हा गैरसमज त्यांनी कधी दूर केला नाही.

मिक्स्चरच्या बाटलीला खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवून ती रोग्याच्या हातात देताना ते न चुकता म्हणत, "बाटली हलवून घ्यायची, आणि आपण न हलता प्यायचं. लोक उलट करतात." रोग्याचं नाव विचारण्याआधी ते डोळे मिटून त्याचा श्वास ऐकत आणि निदान करत, "तुमचा श्वास घाईत आहे. भांडून आलात काय?" बहुतेक वेळा माणूस भांडूनच आलेला असे. नसेल, तर या प्रश्नावरून भांडे.

त्यांची प्रार्थना सांगायला एक ओळ पुरते. श्वास आत घेताना मनात म्हणायचं, 'प्रभू येशू'. सोडताना म्हणायचं, 'दया कर'. मग पुन्हा तेच. ना गुडघे टेकायचे, ना डोळे मिटायचे. खल करताना, बाटल्या धुताना, बाजारात बांगडे निवडताना ती चाललेली असे. नाकाने श्वास घ्यायचा की तोंडाने, याला नियम नव्हता, कारण त्यांना स्वतःला नाकाने पुरत नसे.

यामागे त्यांचं एक शास्त्रही होतं. ते म्हणत, देवाने माणूस मातीचा केला आणि त्याच्या नाकात फुंकर घातली. म्हणजे पहिला श्वास माणसाने घेतला नाही, त्याला तो दिला गेला. माणसाच्या वाटचं काम फक्त सोडण्याचं. आणि पुढे प्रभू मेलेल्यांतून उठला, त्या संध्याकाळी त्याचे शिष्य दारं लावून भीतीने आत बसले होते. तो मध्ये येऊन उभा राहिला आणि त्याने त्यांच्यावर फुंकर घातली. "त्यांना रागे भरला नाही, की पळालात का म्हणून विचारलं नाही," कंपाउंडर म्हणत. "पोराचा गुडघा फुटला की आई काय करते? फुंकर घालते. औषध नसतं त्यात काही. पण पोर रडायचं थांबतं." एवढं बोलून ते स्वतः धापा टाकत, आणि ऐकणाऱ्याला वाटे, या माणसाच्या वाटची फुंकर देवाने जरा हात राखूनच घातली.

ही प्रार्थना ते लढाईत शिकले होते. महायुद्धात ते वॉर्डातले मदतनीस म्हणून बसऱ्याला गेले. तिथल्या इस्पितळात त्यांच्या वाट्याला एक म्हातारा ख्रिस्ती याजक आला. कुठल्या तरी डोंगरातल्या प्राचीन मंडळीचा. छातीने गेलेला. त्याची भाषा यांना येत नव्हती आणि यांची मराठी त्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. म्हातारा उशांना टेकून बसे, हातात गाठींची एक दोरी, आणि ओठ शीळ घातल्यासारखे करून सावकाश श्वास सोडत राही. घेताना ओठ हलत, सोडताना हलत. त्याच्या चेहऱ्यावर असं काही असे, की शेजारच्या खाटांवरचे कण्हणारे शिपाई थोडा वेळ कण्हायचे थांबत. शिमोन त्याच्याजवळ बसून तसाच श्वास घेऊ लागले. शब्द ऐकू येत नव्हते, तेव्हा त्यांनी आपले घातले. म्हातारा वारला, आणि ही प्रार्थना लांज्याकडच्या एका कंपाउंडरच्या ट्रंकेत बसून आगबोटीने रत्नागिरीला आली.

ट्रंक उघडणाऱ्या राहेलबाईंना मात्र तिचं काही कौतुक वाटलं नाही. राहेलबाई कंपाउंडरांच्या पत्नी, माहेर नगरकडचं. इतकी वर्षं कोकणात काढूनही इथल्या ओलीवर आणि नारळावर त्यांचा विश्वास बसला नव्हता. बोलणं देशावरचं, सरळ आणि टणक. त्या म्हणत, "माणसं लढाईवरून घड्याळ आणतात, ब्लँकेट आणतात. ह्यांनी धाप आणली." रात्री कंपाउंडरांच्या घशातून सूं-सूं आवाज येई. झोपेतही आपली प्रार्थना चालते, असा त्यांचा दावा होता. राहेलबाईंचं उत्तर वस्तीत प्रसिद्ध होतं: "घोरण्याला प्रार्थना म्हटलं, की आमचा बैलसुद्धा संत."

वस्तीतल्या पंचमंडळींचे प्रमुख एलियाजी यांना हे बोलणं फार आवडे, पण कारण वेगळं होतं. एलियाजी आमच्या शाळेतून निवृत्त झालेले, सज्जन, आणि लांब प्रार्थनेबद्दल आसपासच्या मंडळ्यांत नावाजलेले. रविवारच्या उपासनेत त्यांची प्रार्थना आदामापासून निघे, आणि वाटेत सगळ्या संदेष्ट्यांना भेटत रत्नागिरीच्या बंदराला लागेपर्यंत घरोघर भात करपून जाई. एकदा उपासना संपल्यावर पायरीवर चपला शोधता शोधता कंपाउंडर त्यांना म्हणाले, "एलियाजी, मध्ये मध्ये श्वास घेत चला. देवाला काही बोलायचं असलं तर?"

हे त्यांनी अगदी काळजीने म्हटलं होतं. म्हणूनच ते विसरलं गेलं नाही.

कंपाउंडरांचं खरं काम पट्टी आणि मिक्स्चरचं नव्हतं. दवाखान्यात चार खाटा होत्या, आणि औषधाचं काम संपलेला एखादा रोगी त्यांतल्या एकीवर असे. अशा वेळी कंपाउंडर एक लाकडी स्टूल ओढून खाटेशी बसत आणि रोग्याच्या श्वासाबरोबर श्वास घेऊ लागत. तो भरभर घेत असला तर भरभर. तो अडखळला तर हेही अडखळत. "श्वास त्याचा, शब्द आपले," असा त्यांचा नियम. आपल्या संथ श्वासामागे रोग्याने यावं, असं त्यांनी कधी केलं नाही. ते म्हणत, जाणाऱ्याला आपल्या चालीने चालवू नये. त्याच्या चालीने थोडं सोबत जावं. हळूहळू रोग्याचा श्वासच यांच्याकडे कान दिल्यासारखा शांत होई. नेहमीच होई असं नाही. पण पुष्कळदा होई.

मांडवीकडच्या खारव्यांतला एक तांडेल असाच आला. दर्यात आयुष्य काढलेला धिप्पाड माणूस, पण छातीत पाणी झालेलं. त्याची म्हातारी आई खाटेच्या पायथ्याशी बसून होती. कंपाउंडरांनी स्टूल ओढलं आणि तिला सांगितलं की मी माझ्या देवाचं नाव घेणार, तुमची हरकत असेल तर घेत नाही.

"घ्या बाबा," म्हातारी म्हणाली. "आमच्या देवाला आमी हाका मारतोच हाव. तुमचा येक जास्ती."

तांडेल दुपारी भरतीच्या वेळेला गेला, कोणाशी न झगडता. म्हातारीने दुःख आवरलं आणि दुसऱ्याच आठवड्यात मासळीबाजारात सांगितलं, की दवाखान्यातला कंपाउंडर श्वासावर मंतर घालतो आणि मरण सोपं करतो. याचा पहिला परिणाम असा झाला, की कंपाउंडरांनी कुठल्याही खाटेकडे स्टूल ओढलं की नातेवाईक हंबरडा फोडू लागले. "अहो, याला नुसता हिवताप आहे," ते कळवळून सांगत. "माझे पाय दुखतात म्हणून बसतोय." पण बायका पदर डोळ्यांना लावूनच बसत.

दुसरा परिणाम म्हणजे दाजी वकील.

दाजींची वकिली बेताची आणि योग जोरात. काटकुळे, ताठ, पहाटे नाकातून मिठाचं पाणी काढणारे. आपल्या परसात ते विद्यार्थ्यांना आसनं आणि प्राणायाम शिकवत. अशील फी बुडवी ते चाले, पण समोर पोक काढून बसलेलं चालत नसे. त्या वर्षांत शहरात परधर्मात गेलेल्यांना परत घेण्याची चळवळ होती आणि दाजी तिच्यात होते. श्वासाची साधना करणारा ख्रिस्ती कंपाउंडर, ही वार्ता त्यांना आयती चालून आलेली वाटली. एका शनिवारी पावसातून चढण चढून, तेही एका दमात, ते दवाखान्याच्या दारात येऊन उभे राहिले. मी खोकल्याचं औषध न्यायला गेलो होतो, म्हणून पुढचं मला ऐकायला मिळालं.

"शिमोनराव," दाजी म्हणाले, "तुम्ही जे करता ते मुळात आमचं. मग बाहेर का उभे राहिलात?"

कंपाउंडरांनी बाटलीत बूच बसवलं. "दाजीसाहेब, बाहेर तुम्ही उभे आहात. आत या. पाय ओले झालेत तुमचे."

दाजी आत आले ते पुढे दर शनिवारी येत राहिले. ज्या माणसाला उभ्या जन्मात सर्दी झाली नाही, तो दवाखान्याच्या बाकावर तासतास दिसू लागला. दाजी म्हणत, श्वास जिंकायचा असतो. कंपाउंडर म्हणत, आपल्याला तो उसना मिळालाय, जिंकायचा कोणाकडून? दाजी म्हणत, कुंभकात, म्हणजे श्वास आत कोंडून धरण्यात, खरी शक्ती आहे. कंपाउंडर म्हणत, कोंडून धरायचं म्हटलं तर मी इथेच आटपेन, मग तुम्ही कोणाला परत घेणार? वादात कोणी हरत नसे. राहेलबाई दोघांना कोकमाचं सरबत देत आणि दाजींना विचारत, "ह्यांना घेऊन जाणार असाल तर घोरण्यासकट न्याल ना?"

एलियाजी हे सगळं शाळेच्या ओसरीवरून पाहत होते. पावसाळा संपता संपता त्यांनी पाद्रीसाहेबांकडे तक्रार केली. दवाखान्यात मूर्तिपूजकांची श्वासविद्या चालते, शहरातले लोक तिला मंत्र म्हणतात, आणि तिच्यापायी परधर्मी वकील आपल्या एका माणसाला ओढून न्यायला टपला आहे. यांतली शेवटची गोष्ट तरी खरीच होती. पाद्रीसाहेब परदेशी, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलत. भीती मात्र त्यांना त्यांच्या मायभाषेत वाटत असावी. पंचांनी चौकशी करायचं ठरवलं. दोष सिद्ध झाला तर शिमोन यांना पश्चात्ताप होईपर्यंत प्रभुभोजनाला बसता येणार नव्हतं, आणि दवाखान्यात त्यांनी औषध द्यावं, पण रोग्याच्या खाटेशी बसू नये, असं ठरणार होतं.

मी पंचांचा चिटणीस, तेव्हा निरोप घेऊन मलाच जावं लागलं. कंपाउंडर गडग्याशी भेटले. सगळं ऐकून त्यांनी काखेतली छत्री काढून गडग्यावर ठेवली. मग म्हणाले, "प्रभुभोजनाचं मला नाही वाटत. प्रभू कोणाला उपाशी ठेवायचा नाही. पण मास्तर, स्टूल काढून घेतलं तर ही माणसं एकटी श्वास घेतील हो."

चौकशी शाळेच्या मोठ्या खोलीत झाली. पाद्रीसाहेबांनी विचारलं, "आपण ही प्रार्थना कोणत्या गुरूपासून प्राप्त केलीत?" कंपाउंडरांनी बसऱ्याच्या म्हाताऱ्या याजकाची हकीकत सांगितली. एलियाजींनी पुसलं, त्याची भाषा तुम्हांला येत होती का? नव्हती. मग तो प्रभूचंच नाव घेत होता कशावरून? कंपाउंडर म्हणाले, त्याच्या चेहऱ्यावरून. पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. चेहरा मला इतिवृत्तात लिहिता येईना.

मग खरी अडचण पुढे आली. हा प्राणायाम आहे की नाही, हे ठरवायचं कसं? खोलीतल्या कोणालाही प्राणायाम येत नव्हता. कोणाला येत असता तर त्याचीच चौकशी आधी करावी लागली असती. पुष्कळ ऊहापोह झाल्यावर पाद्रीसाहेबांनीच न्यायबुद्धीने सुचवलं, की त्या विद्येच्या जाणकाराला बोलवावं. रत्नागिरीत असा जाणकार एकच होता.

ओसरीत बसून भुईमुगाच्या शेंगा सोलणाऱ्या राहेलबाईंचा आवाज आत ऐकू आला: "ख्रिस्ती माणूस ख्रिस्ती आहे का नाही, ते आता दाजी वकील सांगणार."

दाजी आले ते कोर्टाच्या पोशाखात, पागोट्यासह. त्यांच्या डोळ्यांतला आनंद लपत नव्हता. त्यांनी नुसतं 'हो' म्हणायचा अवकाश, की मंडळी शिमोनना बाहेर करणार आणि बाहेर दाजी उभेच. एलियाजींना तेच हवं होतं, दाजींनाही तेच. इतकं एकमत आमच्या गावात दोन धर्मांचं मी पुन्हा पाहिलं नाही.

दाजींनी दवाखान्यातलं ते लाकडी स्टूल मागवून खोलीच्या मधोमध ठेवायला लावलं आणि कंपाउंडरांना म्हणाले, "बसा. नेहमी करता तसं करा."

कंपाउंडर बसले. सगळ्यांच्या नजरांनी त्यांची छाती आधीच भरून आली होती. पाठीला बाक आला, खांदे कानांपर्यंत उचलले गेले, तोंड उघडलं आणि घशातून सूं-सूं सुरू झाली. मध्येच खोकल्याची उबळ. मग पुन्हा तोंड उघडून श्वास. डोळ्यांत पाणी. त्या अवस्थेतही ओठ घेताना हलत होते आणि सोडताना हलत होते.

बेसूर गाणं ऐकताना गवयाचा होतो, तसा दाजींचा चेहरा होत गेला. सुरुवातीला कुतूहल, मग अविश्वास, मग निखळ यातना. एकदा ते न राहवून कंपाउंडरांची पाठ सरळ करायला पुढे झाले आणि साक्षीदार आहोत हे आठवून मागे आले.

"सांगा," पाद्रीसाहेब म्हणाले.

दाजी उठून उभे राहिले. "याला प्राणायाम म्हणालात तर मला माझ्या गुरूंना तोंड दाखवता यायचं नाही. पाठ वाकडी. खांदे वर. तोंड सताड उघडं. घेतलेला पूरक कुठे संपतो, सोडलेला रेचक कुठे लागतो, पत्ता नाही. कुंभक तर औषधालाही नाही. पाद्रीसाहेब, हे आमचं नव्हे. आमच्यात असं करणाऱ्याला मी पहिल्याच दिवशी परसातून घालवून देतो. हे तुमचंच असलं पाहिजे."

 ओसरीतल्या शेंगांचा आवाज थांबला. मी लिहिलं: आरोप सिद्ध होत नाही.

दाजींनी हे जाणूनबुजून केलं का, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. ते खोटं बोलले नाहीत, एवढं मी शपथेवर सांगेन. पण ज्या माणसाला ते पावसाळाभर 'तुम्ही आमचेच' म्हणत आले, त्याच्यावरचा हक्क त्यांनी एका वाक्यात सोडला, आणि परत जाताना त्यांचं पागोटं थोडं तिरपं झालेलं होतं, जे कधी होत नसे.

कंपाउंडर माझ्याबरोबर गडग्यापर्यंत चालत आले. स्टूल वाचलं होतं. प्रभुभोजन वाचलं होतं. तिथे टेकून ते थोडा वेळ खाली बंदराकडे पाहत राहिले आणि हळूच म्हणाले, "मास्तर, इतकं वाईट होतं का हो?"

पुढचं संकट कोणी तक्रार न करता आलं. डॉक्टरीणबाई फिरतीवरून परतल्या आणि त्यांनी कंपाउंडरांकडून हौसेने सगळी हकीकत ऐकून घेतली. म्हातारा याजक ओठ शीळ घातल्यासारखे करत असे, या ठिकाणी त्या थांबल्या. म्हणाल्या, छातीचे रोगी आपोआप तसेच श्वास सोडतात, त्याने हवा पुरते. तो प्रार्थना करत असेलच असं नाही. बिचारा नुसता श्वास घेत असेल. बाईंचा हेतू वाईट नव्हता. रोगाबद्दल त्या नेहमीच खरं बोलत.

 पुढे काही दिवस कंपाउंडर नुसत्या बाटल्यांच्या पट्ट्यांना खाचा पाडत असत. 'भांडून आलात काय' हेही कोणाला विचारत नसत, आणि रोग्यांना चुकल्याचुकल्यासारखं होई. मग एका सकाळी गडग्याशी त्यांनी मला थांबवलं.

"बाई म्हणतात ते असेल," ते म्हणाले. "तो नुसता श्वास घेत असेल. पण त्याच्याकडे बघून मी प्रार्थना करायला लागलो, हे तर खोटं नाही? कोणाच्या श्वासावर कोण प्रार्थना करतो, ते श्वास घेणाऱ्याला कुठे ठाऊक असतं."

आणि मग, माझा हात धरून, "चला तुम्ही पुढे. मी जरा…"

त्यानंतर दोन पावसाळ्यांनी माझी पत्नी आजारी पडली. तिच्याबद्दल इथे लिहिणार नाही. मी पुस्तकांतला माणूस. तिच्या उशाशी बसून मला वाचता येई, दुसरं काही येत नसे, आणि शेवटी शेवटी वाचलेलं तिच्यापर्यंत पोचेना. कंपाउंडरांनी स्टूल आणलं आणि पलीकडच्या बाजूला बसले. त्या दिवशी दुपारभर खोलीत तिघांचे श्वास होते, आणि केव्हा तरी माझ्या लक्षात आलं की ते तिन्ही एकाच वेळी आत जाताहेत आणि एकाच वेळी बाहेर येताहेत. मग दोन राहिले. त्यांनी आपलं स्टूल तिथून लगेच हलवलं नाही. माझ्या श्वासाबरोबर श्वास घेत ते दिवेलागणीपर्यंत बसून राहिले. पंचांनी चौकशीच्या दिवशी वेगळं ठरवलं असतं तर काय गेलं असतं, ते मला तेव्हा कळलं.

कंपाउंडर स्वतः गेले ते आंबा मोहरण्याच्या दिवसांत. सगळी रत्नागिरी ज्या वासाची वर्षभर वाट पाहते, तो त्यांच्या छातीला कधीच मानवला नाही. उशांना टेकून ते बसले होते, अगदी त्या म्हाताऱ्या याजकासारखे. एलियाजी आले, आणि मला भात करपण्याची आठवण झाली. पण त्यांनी टोपी काढली, "प्रभू येशू, दया कर," एवढंच म्हटलं. त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात आखूड प्रार्थना ती. नंतर ते ओसरीत जाऊन बसले.

स्टुलावर राहेलबाई होत्या. इतकी वर्षं ज्या धापेची त्यांनी थट्टा केली, तिच्यामागून त्या श्वास घेत होत्या, आणि ते त्यांना इतकं सहज जमत होतं की हा काही आजचा सराव नव्हे, हे कोणालाही कळलं असतं.  त्यांनी कोणाला विचारू दिलं नसतं.

तिसऱ्या प्रहरी दाजी आले. चढण चढून आले होते तरी श्वास संथ. दारात ताठ उभे राहिले. त्यांना पाहून राहेलबाई उठल्या. "बसा दाजी, मी जरा पाणी तापवून आणते," त्या म्हणाल्या. "आणि तसं ताठ नका बसू. त्यांना तुमचं तोंड दिसायचं नाही."

दाजी बसले. पहिले काही श्वास त्यांनी आपल्या पद्धतीने घेतले, नाकाने, मोजून. ते जुळेनात. कंपाउंडरांचा श्वास आखूड, तुटका, दाजींचा लांब. एक संपायच्या आत दुसरा निघून जाई. दाजी थोडे पुढे झुकले. मग आणखी. पाठीला बाक आला. खांदे वर उचलले गेले. आणि मग त्या माणसाने, ज्याने पंचांसमोर उभं राहून या गोष्टीला नावं ठेवली होती, तोंड उघडलं आणि तो तोंडाने श्वास घेऊ लागला, सूं-सूं करत, शिकाऊ पोरासारखा. आता दोघांचे श्वास जुळले. आत कोणतं नाव जात होतं, ते मला ठाऊक नाही. दाजी सांगणाऱ्यांतले नव्हेत आणि मी विचारणाऱ्यांतला नव्हे.

कंपाउंडरांचे डोळे अर्धे उघडले. रोग्याचं नाव विचारण्याआधी ते त्याचा श्वास जितक्या लक्षाने ऐकत, तितक्याच लक्षाने त्यांनी दाजींकडे न्याहाळून पाहिलं.

"पाठ," ते म्हणाले. मग पुढच्या श्वासाची वाट पाहून, "वाकडी आहे, दाजी."

"असू द्या," दाजी म्हणाले, आणि तसेच बसून राहिले.